चौलला शोधलेलं नाव

माझं लग्न ठरलं त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, आई मला घेऊन चौलला गेली. आमच्या आगरी लग्नात धवलारीण गाणी म्हणत विधी करते आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. वडिलांकडची नावं तिला पाठ होती. आईकडचं मात्र एकच, माझ्या आजीचं. आजी चौलची. आई लहान असतानाच ती वारली आणि तिकडचं येणंजाणं तुटलं. आईचा हट्ट होता, आजीच्या आईलाही बोलवायचं. "जिला बोलावला नाय ती येल कशी?" मी चौथी शिकलेली, म्हणून नावं लिहून घ्यायला मी.

दुपारपर्यंत आम्ही वाडीवाडीत आजीचं नाव सांगत फिरलो. अशी बाई कुणालाच माहीत नव्हती. मी लाजून आईच्या मागे उभी. शेवटी सुपाऱ्या सोलत बसलेल्या एका म्हातारीला आई म्हणाली, "रेवसला दिली होती तिला."

"मंग ह्या नाव सासरचा. म्हायेरान कोन वलखील गो? येडी का काय तू?"

आईने कपाळाला हात लावला. लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? तिचंही बदललं होतं. मग तिने खूण सांगितली, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके.

"आगो, ती!" म्हातारीने जे नाव घेतलं ते आईने जन्मात ऐकलं नव्हतं. ती ते पुटपुटत राहिली. आजीच्या आईचंही नाव म्हातारीला आठवलं. मी दोन्ही लिहिली, आणि कधी नव्हे ते बोलले, "पन ह्या पन सासरचाच ना?"

"व्हय. ती तल्याची. म्हायेरचा तल्याला ठावा."

तळा गाव लांब, आणि लग्न तोंडावर आलेलं.

मांडवात धवलारणीने आजीला दोन्ही नावांनी बोलावलं. तिच्या आईला मिळालं त्या नावाने, वर 'तळ्याची लेक' म्हणून. आई खांबाला टेकून ऐकत होती. पुढे सासरी माझं नाव बदललं.

महिन्याने आई भेटायला आली ती दारातूनच जुन्या नावाने मला मोठ्याने हाका मारत. सासूबाई म्हणाल्या, "ईनबाय, आमचेकरं ह्या नावाची कोन नाय."

"ठावा हाय," आई म्हणाली. "पन ऐकून ठेवा. उद्या कोनी इचारीत आला, त सांगाला येल."