शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमचे शेजारी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नाही. जेवताना, पेपर वाचताना, पाहुण्यांशी बोलतानासुद्धा तो जमिनीवर काहीतरी दाबत असतो. वहिनी म्हणतात, "मी जरा भराभर बोलायला लागले की ह्यांचा पाय खाली जातो. एकतीस वर्षं दाबतायत, पण मी काही थांबलेली नाही!"

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. त्याशिवाय मास्तरांना तोंड होतं. "स्टिअरिंग धरलंय की जिन्याचा कठडा? सोडा जरा, पडणार नाही तुम्ही!" किंवा, "रस्ता पलीकडेही आहे हो, सगळा इकडचाच वापरायचा असं नाही!" मास्तरांकडे शिकलेला माणूस पहिल्या फटक्यात पास होतो आणि पास होईपर्यंत वजनाने निम्मा होतो, अशी त्यांची ख्याती. कित्येक बायका नवऱ्यांना मुद्दाम त्यांच्याकडे धाडत. घरी ऐकत नाहीत, तिथे तरी ऐकून घेतील!

मी एकदा भीतभीत म्हणालो होतो, "मास्तर, जरा गोडीत सांगितलं तर?"

"गोडीत शिकलेला माणूस चौकात गोडीतच जातो," मास्तर म्हणाले आणि विषय संपला.

मी शिकायला लागलो त्रेचाळिसाव्या वर्षी. ज्याची पाळी पुढची, त्याने मागच्या सीटवर बसून बघायचं, असा मास्तरांचा नियम. दुसऱ्याची खरडपट्टी आरामात बसून ऐकण्यासारखं सुख नाही. फक्त अर्ध्या तासाने आपणच पुढे जायचं असतं, एवढी एक खोच. माझ्या आधीची पाळी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंची असे.

नर्सबाई दोनदा नापास झाल्या होत्या. मास्तरांच्या कारकिर्दीला तेवढा एकच डाग. केंद्राने आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन तपासायचं काम काढलं होतं. गाडी आली होती, ड्रायव्हर आला नव्हता. महिनाअखेर परवाना मिळाला तर ते काम बाईंना मिळणार होतं, नाहीतर त्यांची बदली दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात होणार होती. घरी सासूबाई अंथरुणावर. दोन तास जाऊन दोन तास येणाऱ्या सुनेने त्यांना कूस कधी बदलून द्यायची?

मास्तरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला होता. "गिअर टाकताय की इंजेक्शन? इतकं हळू? दुखत नाही त्याला!" बाई दचकायच्या, गाडी दचकायची, मास्तरांचा पाय खाली जायचा आणि गाडी थांबायची.

परीक्षेला पाच दिवस होते. त्या सकाळी आम्ही पाण्याच्या टाकीकडून बाजाराकडे उतरत होतो. उतार लांबलचक, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाला, मागे विटांचा ट्रक. पहिल्याच वळणाआधी मास्तरांचा पाय सवयीने खाली गेला, आणि पार खाली गेला. मागून मला दिसलं. पेडल पायपुसण्यासारखं आडवं झालं होतं. दोन ब्रेक जोडणारी सळई निसटली होती. बाईंचा ब्रेक शाबूत होता, मास्तरांचा गेला होता.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता ओरडलं आणि बाई दचकल्या, तर थांबवायला कोणी नाही, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं असणार. एरवी गर्जणारा तो माणूस इतक्या हलक्या आवाजात बोलला की मला वाटलं, गाडीत चौथं कुणीतरी बसलंय.

"दुसरा गिअर... हं. थोडा ब्रेक... सोडा. छान."

छान! एकतीस वर्षांत हा शब्द मास्तरांच्या कुठल्याच गाडीने ऐकला नव्हता. पुढे तर तेवढंही नाही. उरलेला उतार मास्तर गप्प. बाईंनी तिन्ही वळणं लोण्यातून सुरी फिरावी तशी घेतली, एका म्हशीला वाट दिली आणि खाली येऊन मोकळ्या जागी गाडी लावली.

"आज इथवरच," मास्तर कपाळ पुसत म्हणाले. सळईचं त्यांनी चकार शब्दाने सांगितलं नाही. मलाही डोळ्यांनी दटावलं. स्वतः गाडी चालवत आम्हाला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला, परीक्षेला बसत नाही, बदली घेते.

"का पण?" मास्तर मला विचारत होते. "इतकी सुरेख चालवली त्या दिवशी!"

"तुम्ही तसं म्हणालात का त्यांना?"

"म्हणालो की! छान म्हणालो!"

"म्हणूनच घाबरल्या असतील."

मास्तरांचा पाय ओसरीच्या फरशीवर दोनदा खाली गेला. मग ते उठले. "चला माझ्याबरोबर. एकट्याने बोलायला जमणार नाही मला."

केंद्रात रांग होती. दारावरच्या माणसाने मास्तरांच्या हातात चौदा नंबरचा बिल्ला दिला. मास्तर म्हणाले, मी आजारी नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात, बसा. तासाभराने आम्ही आत गेलो. बाई कुणाच्या तरी दंडाला पट्टी बांधत होत्या.

"काय होतंय?" वर न बघताच त्यांनी विचारलं.

"बाई, माझं चुकलं," मास्तर म्हणाले. आता मात्र बाईंनी वर पाहिलं. "परवा उतारावर माझा ब्रेक गेला होता. सळई निसटली होती. गाडी तुम्ही एकट्यांनी खाली आणलीत."

पट्टीवाला माणूस दंड आवरून हळूच बाहेर सटकला.

"आणि हे मला आज सांगताय?" बाईंचा आवाज असा चढला की बाहेरची रांग गप्प झाली. "माझ्या वॉर्डात कुणी असं लपवलं असतं ना, तर उभं केलं नसतं मी त्याला! दोन दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नाही. म्हटलं, मास्तरांनी आपल्याला सोडून दिलं!"

"अहो, मी तर रागावलोसुद्धा नाही."

"तेच तर! डॉक्टर पेशंटपाशी ओरडत असतात ना, तोवर आम्हाला काळजी नसते. ते गप्प झाले, गोड बोलायला लागले, की आम्ही नातेवाइकांना बोलावून घेतो."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. बाईंनी कात्री ठेवली आणि जरा शांतपणे विचारलं, "आजवर माझ्या तासाला किती वेळा दाबलात तुम्ही?"

"मोजलं नाही कधी."

"म्हणजे गाडी मी थांबवली की तुम्ही, हे मला कधी कळलंच नाही. मग मी शिकले काय?"

एकतीस वर्षांत कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. विचारायची कुणाची हिंमत होती? मला तेव्हा वाटलं, कडकपणाची खरी अडचण हीच असावी. त्याने शिकणारा घडतो की नाही यावर वाद घालता येईल, पण शिकवणाऱ्याला कुणी काही शिकवायला धजत नाही, यावर वाद नाही.

परीक्षेला दोन दिवस उरले होते. सळई नवी बसली होती, तरी मोकळ्या मैदानावर मास्तर बूट काढून सीटवर चक्क मांडी घालून बसले. बाईंना दिसावेत म्हणून पाय वर. तोंडाला मात्र सुट्टी नव्हती. "अहो, मैदान एवढं मोठं आहे, तो एकच खांब कशाला शोधून काढताय?" बाई दचकल्या, गाडी दचकली, आणि थांबवली बाईंनी. मग खांबाला वळसा घालून पुढे गेल्या. मागच्या सीटवर माझेच पाय दोनदा खाली गेले.

त्या पास झाल्या. चढावर गाडी हातभर मागे आली होती, हे फाटकाबाहेरून मास्तरांनी पाहिलं होतंच. कागद हातात घेऊन बाई बाहेर येतात न येतात तोच ते म्हणाले, "मागे का आली?"

"आली. पण आवरली ना?"

"यायलाच नको होती," मास्तर म्हणाले, आणि नाक शिंकरायला पाठमोरे झाले.

पहिल्या फेरीच्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना केंद्रावर बोलावलं. पुढच्या सीटवर औषधांची पेटी होती, म्हणून मास्तर मागे माझ्याशेजारी बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या शहाण्या मुलासारखे. फाटकातून बाहेर पडताना गाडी बंद पडली. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. बाईंनी पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"बोला ना मास्तर!" बाई मागे वळून म्हणाल्या. "असे गप्प बसू नका, भीती वाटते मला."

मग मास्तर जे बोलायला लागले, ते पहिल्या म्हाताऱ्याचं घर येईपर्यंत बोलतच होते.