बाईचा हात आणि दलालाचा रुमाल

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. पुण्याची मंडळी येतात, रांजणगावचा गणपती करतात, निघोजला जाऊन कुकडीतले रांजणखळगे बघतात, मोराच्या चिंचोलीत मोर दिसले तर दिसले, आणि गाडी वळवून परत जातात. इंग्रजांच्या छावणीपासून ज्या बाजारानं हे गाव पोसलं, तिकडं कोणी फिरकत नाही. फिरकले असते, तर १९९७ च्या चैत्रात त्यांना निमोण्याची बयाबाई बघायला मिळाली असती.

बयाबाई धनगराची. नवरा तात्याबा वारून तीन वर्षं झालेली. मेंढरं राखायची तिनं, कोकरं जगवायची तिनं, आणि मेंढे विकायला मात्र दीर, बिरदेव. कारण सौदा व्हायचा हत्त्यावर. दलाल आणि विकणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबणार, भाव त्या दोघांनाच कळणार. परक्या पुरुषाच्या हातात बाईनं हात कसा द्यायचा? मग बिरदेव घरी येऊन सांगेल तो आकडा खरा मानायचा. गेल्या साली त्यानं मेंढ्यामागं हजार सांगितले. ते काही बयाबाईच्या गळी उतरले नाहीत. यंदा तिनं पाच मेंढे स्वतःच टेम्पोत घातले आणि बाजार गाठला.

हौसराव दलाल रुमाल घेऊन आला. तिनं हात पुढं केला. विंचू दिसावा तसा त्यानं आपला मागं घेतला. बघे फिदीफिदी हसले. तेवढ्यात बिरदेव धावत आला. वहिनी, घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नका, मी बघतो सौद्याचं, असं म्हणू लागला.

“भावजी, अब्रू काय रुमालाखाली ऱ्हाती व्हय?” ती म्हणाली. “मेंढं माझं हायती. मी तोंडानं भाव सांगंन.”

आणि तिनं खड्या आवाजात सांगितला, मेंढ्याला पंधराशे.

झालं. सगळ्या दलालांची एकी झाली, तिच्याशी कोणी बोलेना. ऊन डोक्यावर आलं. बाईनं मेंढरं राखावी, बाजाराची रीत मोडू नये, असे टोमणे कानावर येत होते. तिनं हापशावरून बादली आणून मेंढ्यांना पाणी दाखवलं. ती घाबरली नव्हती असं नाही. पाचही मेंढे परत न्यावे लागले असते, तर बिरदेव जन्मभर बोलायला मोकळा होता आणि तिचं तोंड कायमचं बंद. पण बाई मुलखाची हट्टी, जागची हलली नाही. फार बरं केलं.

बकरी ईद आठवड्यावर आलेली. पुण्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक अर्धा रिकामा, तो हौसरावच्या मानगुटीवर बसलेला. शेवटी हौसराव तिच्याजवळ वाकला आणि कुजबुजला, बाराशे.

“हौसराव आप्पा बाराशे म्हनत्यात,” बयाबाईनं साऱ्या बाजाराला ऐकवलं. “मला पंधराशे पायजेत.”

शेजारचा म्हातारा मल्हारी चमकला. त्याचे तसलेच मेंढे सकाळी रुमालाखाली हजाराला गेले होते. त्यानं आपल्या दलालाची बाही धरली. त्याचं बघून आणखी चार जण विचारायला लागले. हौसरावला घाम फुटला. त्यानं स्वतःच रुमाल पसरला.

“बयाबाई, पंधराशे देतो. पर घाला हात रुमालाखाली. मोठ्यांदा बोलू नगा.”

“सकाळी बाईचा हात चालत न्हवता, आप्पा. आता बाईला तुमचा रुमाल चालत न्हाई.”

झक मारत त्याला चारचौघांत पंधराशे म्हणावं लागलं. मेंढे ट्रकात चढले. मग बयाबाई दिराकडं वळली.

“भावजी, गेल्या साली रुमालाखाली काय ठरलं व्हतं?”

गेल्या सालचा दलालही हौसरावच होता, आणि तो समोरच उभा. खोटं बोलायची सोय नव्हती. बिरदेव खाली मान घालून पुटपुटला, साडेबाराशे.

“ऐकू आलं न्हाई,” बयाबाई म्हणाली. “मोठ्यांदा बोला.”