मौजे मनोरी येथील बारशास जलमार्गे जाण्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय पंचेचाळिशीपुढे, धंदा अर्जनविशी, बैठक अंधेरीच्या रेशन कचेरीबाहेरील पिंपळाखाली, शिक्षण सातवीपर्यंत, अनुभव उच्च न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत. सामनेवाली: माझी धर्मपत्नी, माहेर मालवणकडील. घटनेचे ठिकाण: वर्सोवा, मढ व मनोरी ही बंदरे आणि त्यांमधील समुद्र. तारीख: ज्या वर्षी आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. साक्षीदार: होडीचा तांडेल, मढच्या धक्क्यावरील ग्रामस्थ आणि मनोरीच्या किनाऱ्यावर जमलेला स्त्रीवर्ग. नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ही सर्व मंडळी अद्याप माझ्याशी बोलतात.

हकीगत अशी की, मनोरीस राहणाऱ्या माझ्या मेहुण्यास कन्यारत्न झाले. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि मेहुण्याला सख्खी बहीण एकच, ती म्हणजे सामनेवाली. आमच्या स्वतःच्या घरी पाळणा हलला नाही. त्यामुळे जगात एका तरी जिवास मी योजलेले नाव लागावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि असे नाव माझ्याजवळ तयार होते. पाच अक्षरांचे, जोडाक्षरांनी मजबूत केलेले, कोणत्याही अर्जाखाली शोभावे असे. ते ऐकून सामनेवाली एवढेच म्हणाली होती की, हाक मारून होईपर्यंत पोर रस्ता ओलांडून जाईल. मी हा विनोद समजलो.

सर्वसामान्य माणसे मनोरीस मार्व्याहून फेरीबोटीने जातात. परंतु वर्सोव्याच्या एका तांडेलाचा मी लिहिलेला अर्ज मंजूर झाला होता आणि त्याने आपल्या शिडाच्या होडीतून सोडण्याचे आपणहून कबूल केले होते. सामनेवालीने बसचा आग्रह धरला. मी तिला समजावले की, ज्याला समुद्र बोलावतो त्याने बसच्या रांगेत उभे राहू नये.

सकाळी वारा जमिनीकडून होता. शीड भरले, होडी निघाली. मी कोट घालून मधोमध बसलो. शिडाचे लाकूड फिरताना खाली वाकावे, असे तांडेलाने मला सांगितले. लाकडाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर मी वाकलो.

मढच्या धक्क्यावर एक जाळे उतरवून लगेच निघायचे होते. परंतु तेथे एका ग्रामस्थाने मला ओळखले. धक्क्याच्या पायऱ्या फुटल्या होत्या आणि अर्ज लिहिणारा कोणी नव्हता. आता माझ्या धंद्याचा नियम असा की, ‘सेवेशी सविनय’ हे शब्द कागदावर उतरले, की ‘कळावे’ लिहीपर्यंत जागचे उठायचे नाही. अर्धा सोडलेला अर्ज अपशकुनी असतो. शिवाय लिहून झालेला अर्ज पक्षकारास वाचून दाखवावा लागतो, आणि येथे पक्षकार म्हणजे अख्खा धक्का. मागून आलेल्यांसाठी मी तो पुन्हा वाचला. सामनेवाली होडीत उठून उभी राहिली.

“अहो, भरती काय तुमच्या अर्जाक थांबतली?”

भरती थांबली नाही. वारा समोरून यायला लागला, तांडेल शीड इकडून तिकडे फिरवीत राहिला, आणि आम्ही मनोरीच्या खाडीत शिरलो तोवर पाणी निघून चालले होते. धक्का समोर दिसत असताना होडी चिखलात बसली. तांडेलाने बिडी पेटवून सांगितले की, आता पुढची भरती संध्याकाळी.

किनाऱ्यावर मेहुणा हात हलवीत होता. त्याच्यामागे नटलेल्या बायका, आणि एकीच्या हातात बाळ रडत होते. मेहुण्याने ओरडून कळवले की, मुहूर्त टळतो आहे, तेव्हा दहिसरची चुलत आत्या नाव सांगायला तयार आहे. चुलत आत्या हसत पुढे आलेली मला दिसली.

सामनेवालीने नवी पैठणी गुडघ्यापर्यंत खोचली, चपला माझ्या मांडीवर ठेवल्या आणि ती चिखलात उतरली. मी पदास व कोटास अनुसरून होडीतच थांबलो. मात्र तेथून मी ते पाच अक्षरी नाव सर्व ताकदीनिशी तिला पुनःपुन्हा ओरडून सांगितले. तिने मागे वळून पाहिले नाही. पोटऱ्यांपर्यंत काळी झालेली ती थेट बाळापाशी गेली, वाकली, आणि कानात काही बोलून मोकळी झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चुलत आत्या मागे सरकली.

तांडेलाने पाठुंगळी घेऊन मला किनाऱ्यावर आणले, तेव्हा हातात घुगऱ्यांची वाटी मिळाली आणि नावही कळले. ते दोन अक्षरांचे होते, त्यात एकही जोडाक्षर नव्हते. मी जाब विचारला.

ती पाय धुता धुता म्हणाली, “तुमचं नाव होडीतून इथवर पोचलं का? दारातून हाक मारली की पोरीला ऐकू जायला हवी.”

मुलगी आता शाळेत जाते, सुट्टीत आमच्याकडे राहायला येते आणि त्या दोन अक्षरांना कोठूनही धावत येते, हे मान्य.

सबब विनंती की, झालेले बारसे रद्द करण्याची अर्जदाराची मागणी नाही. परंतु येत्या सुट्टीत अर्जदाराने दारात उभे राहून आपल्या पाच अक्षरांनी हाक मारली असता, सदर मुलीने एकदा तरी ‘ओ’ द्यावी आणि तिच्या आत्याने त्या वेळी स्वयंपाकघरातून हसू नये. योग्य तो न्याय व्हावा. उत्तराची वाट पाहत आहे.