हात मोडला तो पॉलिसीत बसला

जीपच्या अपघातात माझ्या नवऱ्याचा उजवा हात मोडला आणि विमा कंपनीने त्या हातावर अगदी मनापासून प्रेम केलं. ऑपरेशन, आत बसवलेली पट्टी, स्क्रू, औषधं, दवाखान्याची खोली, सगळं मंजूर झालं. कंपनीकडून एक चौकशीचा फोनही आला, हात आता वर जातो का म्हणून. हात वर जात होता. बाकीच्या माणसाचं काय, ते त्यांनी विचारलं नाही, आणि तेव्हा आम्हालाही ते सांगता आलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही सिडकोत राहत होतो. हे सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी शाळेत शिकवायचे. नामपूरला यांच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. माझे पेपर तपासायचे राहिले होते म्हणून मी गेले नाही. हे आणि यांचे मामा भाड्याच्या जीपने गेले आणि लग्न लागल्यावर दोघेच परत निघाले. दिवस मावळताना, सटाणा मागे टाकल्यावर, पुढे कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिला मागे दिवा नव्हता. जीप तिच्यावर आदळून रस्त्याच्या कडेला कलंडली. ड्रायव्हर जागीच गेला. हे त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर अडकले. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं धावत येऊन पत्रा वाकवेपर्यंत हे त्या गेलेल्या माणसाला टेकून बसले होते आणि फुटलेल्या काचेतून आत आलेले कांदे यांच्या मांडीवर पडले होते. मागे बसलेल्या मामांना साधं खरचटलंही नाही.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर हे मामा विम्याची एजन्सी चालवत. आमची पॉलिसी त्यांनीच उतरवलेली. हाताचा क्लेम पास झाला तेव्हा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "बघ सूनबाई, तू म्हणत होतीस कशाला हवा विमा."

प्लास्टर निघाल्यावर मी एकदा नेहमीसारखी फोडणीत कांदा टाकला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते उठले, चपला न घालता जिना उतरले आणि थेट कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत चालत गेले. मी मागून गेले तर बाकावर बसले होते. "वास आला," एवढंच म्हणाले.

नाशिक जिल्ह्यात राहून कांद्यापासून लांब राहायचं म्हणजे कोळ्याने पाण्यापासून लांब राहण्यासारखं आहे. मी घरातला कांदा बंद केला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "माळ घातली का हो साहेबांनी?" मी हो म्हटलं. सोपं होतं. मग काकू एकादशीला यांच्यासाठी भगर आणून द्यायला लागल्या. पुढे यांनी कारखान्याची बसही सोडली. सिडको ते सातपूर सायकलने जायला लागले. लोक म्हणाले, अपघातानंतर माणूस सुधारला, व्यायाम करतो, सात्त्विक खातो. घरात मात्र हे दाराकडे तोंड करून बसायचे आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि विचार कमी करायला सांगितलं. विचार कमी कसा करायचा याची गोळी त्यांच्याकडे नव्हती. शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीने कॉलेज रोडवरच्या मानसोपचार करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं. चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. खाली कुणी ओळखीचं भेटलं तर चष्म्याला आलो असं सांगता यायचं.

बाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मनाला अजून कळलेलं नाही की अपघात संपलाय. ते त्याला सावकाश कळवायचं." त्यांची पद्धत अशी होती: दर आठवड्याला यांनी तो प्रसंग पहिल्यापासून, न गाळता, सांगायचा. त्यानंतर उभ्या गाडीत बसायचं, मग चालत्या. कांदा आधी लांबून बघायचा, मग हातात धरायचा. यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गोष्ट जीपच्या दारापर्यंतच पोचली. पण त्या दिवशी हे घरी येऊन दुपारभर गाढ झोपले. मला एवढं पुरेसं होतं.

फी मात्र आमच्या पगारांना जड होती. मी म्हटलं, विमा आहे ना. अपघात तोच, माणूस तोच. बाईंचं पत्र घेऊन मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथले अधिकारी फार सभ्य होते. त्यांनी मला चहा पाजला.

"मॅडम, पेशंट ॲडमिट कधी झाले?"

"ॲडमिट नाही. आठवड्यातून एकदा जातात, तासभर बोलतात आणि घरी येतात."

"बोलतात," ते म्हणाले. "मग ट्रीटमेंट काय?"

"तीच ट्रीटमेंट आहे."

त्यांनी पॉलिसी उलटी केली आणि मला मागची बारीक अक्षरं दाखवली. दवाखान्यात निदान एक दिवस भरती झाल्याशिवाय खर्च मिळत नाही, असं तिथे होतं.

"समजा, भरती केलं तर?"

"कशासाठी?"

"याच आजारासाठी."

त्यांनी बोट दोन ओळी खाली सरकवलं. मनाचे आजार पॉलिसीत बसत नाहीत. मी पुन्हा वाचलं. मी मराठी आणि इतिहास शिकवते, पण वाक्य समजायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता. भरती नाही म्हणून पैसे नाहीत, आणि भरती केलं तर मनाचा आजार म्हणून नाहीत.

"पण हाताचे दिलेत तुम्ही," मी म्हटलं. "त्याच अपघातातले."

"हाताचा एक्स-रे होता, मॅडम," ते अजिजीने म्हणाले. "तसा यांचा काही फोटो वगैरे निघतो का?"

ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते.

मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. दुसऱ्याच दिवशी तोडगा घेऊन आले. "माझ्या ओळखीचा दवाखाना आहे. एक दिवस भरती व्हायचं, चक्कर आली म्हणून. कागद मी करतो."

हे म्हणाले, "मामा, खोटं सांगायचं तर तेही पाठ करावं लागेल. मला अजून खरंच पुरतं सांगता येत नाहीये."

मामांनी तो नाद सोडला, पण हार मानली नाही. बाईंनाच भेटून सर्टिफिकेटात काही दुसरा शब्द घालता येतो का बघू, म्हणाले. पुढच्या वेळी आम्ही तिघे गेलो. मामांनी कलमं समजावून सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्हीही त्याच जीपमध्ये होतात ना?"

"होतो. पण मला काही झालं नाही."

"कुठे बसला होतात?"

"मागे." मग एरवी आमच्यासमोर कधीच न बोललेली घरची अहिराणी मामांच्या तोंडून आली, "माले काहीच व्हयनं नही."

बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं. यांची वेळ त्या दिवशी मामांनी घेतली. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते. सर्टिफिकेटाचं काय झालं, असं मी जिन्यात विचारलं तर म्हणाले, "त्यासाठी पुन्हा यावं लागेल."

मामा दर आठवड्याला जायला लागले. मामींना सांगायचे, भाच्याच्या क्लेमचं काम आहे. मामींनी नातेवाइकांत सांगितलं. हा क्लेम म्हणजे काहीतरी प्रचंड आहे असा सगळ्यांचा समज झाला. "भाच्यासाठी केवढी वणवण करतात या वयात," असं लोक माझ्याकडे बघून म्हणायचे आणि मी कृतज्ञ चेहरा करायचे. क्लेमचा कागद तोवर एक इंचही हलला नव्हता.

एका रविवारी मामा आमच्याकडे आले. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी घेतला नाही. यांना म्हणाले, "तुला एक सांगायचंय. जीप पडली तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर आलो. तू आत ओरडत होतास. मी बांधावर बसलो. मांडीवर लग्नातला लाडवांचा डबा होता, तो धरून बसलो. उठायचं म्हणत होतो, पाय उठत नव्हते. लोक आले तरी मी बसूनच होतो."

मी यांच्याकडे बघितलं. इतके महिने बाईंना सांगताना यांनी यातलं काही सांगितलं होतं का, मला ठाऊक नव्हतं.

"मला दिसत होतात तुम्ही," हे म्हणाले. "काचेतून तुमचा सदरा दिसत होता. मी तिकडेच बघत होतो. आपलं कुणीतरी बसलंय समोर, तोवर काही होत नाही, असं वाटत होतं."

गार झालेला चहा मामांनी एका घोटात संपवला आणि आणखी मागितला.

त्यानंतर दोघेही हळूहळू सुधारले, मामा जरा भरभर. हे आधी कारखान्याच्या बसमध्ये पुढच्या दाराशी बसायला लागले, मग कुठेही. घरात कांदा आला तो आधी पातीच्या रूपाने. काकूंची भगर बंद झाली. यांनी माळ उतरवली म्हणून त्या काही दिवस नाराज होत्या. मामांची एजन्सी मात्र बसली. गिऱ्हाइकाकडे गेले की ते आता आधी पॉलिसीचं मागचं पान वाचून दाखवायचे. तेवढं ऐकल्यावर पुढचं पान कोण उलटणार?

नवं शतक लागलं होतं तेव्हा कंपनीचं पत्र आलं. मी कधीतरी वरच्या ऑफिसला तक्रार केली होती, तिचं उत्तर. लिहिलं होतं की आपल्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार सुरू आहे, तरी आजार अद्याप चालू असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मामांनी पत्र वाचून घडी केली. "काय रे, आजार चालू आहे का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग काय कळवू?"

"बरा झाला म्हणून कळवा."

मामांनी पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात तसं कळवलं, पेशंट बरा आहे, तसदीबद्दल क्षमस्व, आणि खाली सही केली. त्या पत्राला कंपनीचं उत्तर आलं नाही.