टाकीचं वाक्य

सरकारी लेखापरीक्षण कार्यालयात चार संपादकांच्या त्या प्रमुख. सगळे त्यांना ताई म्हणत. अहवालांची किचकट भाषा सोपी करून घेता घेता बावीस वर्षं गेली होती आणि हल्ली भांडायचंही त्यांच्या जिवावर येई.

त्या संध्याकाळी आपल्या केबिनमध्ये साहेबांनी नव्या अहवालातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं : ‘शाळेच्या पिण्याच्या पाण्याची टाकी तीन वर्षांत एकदाही धुतलेली नाही.’

“ताई, हे फार झोंबतं हो. ‘स्वच्छतेबाबत सुधारणेस वाव आहे’ असं करा.”

“मग कुणाला काय कळणार, साहेब?”

“न कळलेलंच बरं. वरून फोन तरी येणार नाहीत!”

ताईंना हसू आलं नाही. हो म्हटलं की सुटका होती. पण पोरं तेच पाणी पीत राहिली असती.

“मग तुमचं वाक्य तुम्हीच लिहा आणि शेजारी सही करा,” त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. “माझ्या हातून नाही व्हायचं.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “राहू द्या,” ते पुटपुटले.

बाहेर ते वाक्य लिहिणारे संपादक, सगळ्यांचे काका, ताटकळत उभे होते. “ताई, लढाई मारलीत!”

“एक वाक्य टिकलं, काका,” खुर्चीत अंग टाकत ताई म्हणाल्या. “अजून नव्वद पानं आहेत. आणा इकडे.”