मागच्या जागेतला तरोटा

नोकरीची सगळी वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली. मी नर्स, नवरा शाळेत शिक्षक. बदल्या होत गेल्या, घरं बदलत गेली. निवृत्तीनंतर अमडापूरला, बाजारापासून जरा बाजूला, आम्ही घर विकत घेतलं ते खरं तर मागच्या मोकळ्या जागेवर भाळून. उन्हाळा होता. जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. नवऱ्यानं काठीनं रेघा ओढून मला दाखवलं, "इथं मेथी, तिथं वांगी, कोपऱ्यात लिंबू."

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच त्या सगळ्या जागेवर गाजरगवत उगवलं. मला ते नवं नव्हतं, रस्त्याच्या कडेला कोण पाहत नाही? पण पाऊल ठेवायला जागा उरू नये इतकं दाट मी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर फुलं दिसायला लागली तशी एके सकाळी पदर खोचून उघड्या हातांनीच उपटायला बसले. दुपारपर्यंत निम्मी जागा मोकळी केली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. संध्याकाळी कोपरापर्यंत हात लाल झाले, खाज अशी की भाकरी थापवेना. जन्मभर लोकांना "त्याला हात लावू नका" सांगणारी मी! आठवड्याभरात उपटलेल्या जागेत नवी रोपं आली आणि उरलेल्या निम्म्या जागेत पांढरी फुलं आणखी दाट झाली.

मग नवऱ्याला धाप लागायला लागली. चिखलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला, "घराजवळ गाजरगवत आहे का?"

परत आल्या आल्या मी घर विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. आवाज चढलेलाच होता. "हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

ते म्हणाले, "माहीत होतं, ताई. माह्या बायकोले त्याच्यापायीच दम्याचा त्रास झाला. पावसाळाभर आम्ही मागचं दार उघडत नव्हतो. सांगितलं असतं तर घर कोनं घेतलं असतं?"

फोन ठेवला तेव्हा राग होता, पण त्या बाईंचंही वाईट वाटत होतं. नवरा म्हणाला, "आपणही विकू या." मी म्हटलं, "कुणाला? आणि काय सांगून?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाची कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावल्या. सत्तरी ओलांडलेल्या, घरातच बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या. माझे हात पाहून त्या चुकचुकल्या.

"सिस्टर, फुलावर आल्यावर काऊन उपटून राह्यल्या? तुम्ही त्याचं बी पेरून राह्यल्या. रोप लहान असतानी, जमीन ओली असतानी, हाताले कापड बांधून उपटा. अन् तरोटा लावा."

"तरोटा? म्हणजे टाकळाच ना? तो तर कुठंही उगवतो."

"म्हनूनच तं! तो जिथं दाट होते, तिथं हे वर येत नाही. हाव, माह्या मागं पाहून घ्या."

मी पाहायला गेले. त्यांच्या मागच्या जागेत गुडघाभर तरोटा होता, आणि गाजरगवत भिंतीच्या कडेला चार-दोन काड्या. आमच्यात आणि त्यांच्यात अंतर एका भिंतीचं!

त्या वर्षी फार काही करता आलं नाही. फुलं आलेली झाडं आम्ही फडकी बांधून कापली, गोण्यांत भरली आणि खोल खड्ड्यात पुरली. दिवाळीनंतर चाचींनी मला सोबत नेलं. रस्त्याच्या कडेनं वाळलेल्या तरोट्याच्या लांबट शेंगा आम्ही पदरात तोडून घेतल्या. पिशवीभर बी निघालं. वैशाखात ते मागं फेकलं. मला मनातून खात्री नव्हती, पण चाची भिंतीपलीकडून "दाट टाका, दाट!" असं ओरडत होत्या.

दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही सोबत उगवलं. आम्ही रोज सकाळी तासभर, तोंडाला रुमाल बांधून, फक्त गाजरगवत निवडून उपटायचो. तिसऱ्या पावसाळ्यात तरोटा वरचढ झाला. कोवळ्या पानांची भाजी करून मी चाचींकडे डबा दिला. त्यांनी खाऊन पाहिली आणि म्हणाल्या, "लसून कमी पडला." खरंच कमी पडला होता.

त्या श्रावणात नवरा मागच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. त्याला धाप लागली नाही. मी चहा घेऊन भिंतीजवळ गेले आणि चाचींना म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"कायचे उपकार? तुमचं बी उडून माह्याच घरी येत होतं. मी माह्यासाठी केलं."

असेल. पण मला शेंगा दाखवायला त्या भर उन्हात गुडघे धरत धरत चालल्या होत्या, ते मी पाहिलं आहे.

गाजरगवत अजून पुरतं गेलेलं नाही. दर पावसात थोडं निघतंच, ते मी उपटते. यंदा अंगणवाडीमागच्या पडीक जागेत ते माजलं आहे. गल्लीतल्या चार बायका तयार झाल्यात, तरोट्याचं बी घरात भरून ठेवलं आहे. चाचींचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी खुर्चीवर बसून आम्हाला सांगायचं असं ठरलं आहे.