अबू माजिदची डोलणारी काडतुसं

"या शाजीला मी उद्याच्या फ्लाइटने केरळला पाठवतो," असं म्हणत अबू माजिदनी काडतुसांचा डबा माझ्या टेबलावर आपटला. शाजी त्यांच्या मागेच उभा होता, पार रडवेला.

दुबईतल्या आमच्या लॅबमध्ये मोजायची उपकरणं तपासतात. अबू माजिद जुने क्लायंट, रायफलच्या मॅचेस खेळणारे. क्लबमध्ये त्यांची काडतुसं भरायचं काम शाजीचं. लॅबमध्ये भरलेलं काडतूस चालत नाही, म्हणून बिनदारूचे नमुने आणले होते, आणि सोबत त्यांचं गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, नुकतंच आमच्याकडून तपासून गेलेलं.

"सब टेढ़ा. इसका हाथ गया, खलास," अबू माजिद म्हणाले.

पितळी नळी आणि तिच्यातली गोळी एका रेषेत असाव्या लागतात. गेजच्या फिरत्या बेअरिंगांवर काडतूस ठेवून बोटाने फिरवायचं. गोळी डोलली की काटा हलतो. याला रनआउट म्हणतात.

आमच्या गेजवर लावलं. काटा ढिम्म. त्यांच्या गेजवर लावलं, तर काटा नाचायला लागला. काडतूस वाकडं असेल तर एका फेरीत काटा एकदाच वर-खाली जातो. हा टुणटुण उड्या मारत होता. म्हणजे डोलत होतं ते खालचं छोटं बेअरिंग, काडतुसाच्या एका फेरीत अनेकदा फिरणारं. भिंग लावलं. लाल पूड चिकटलेली. कुंकू.

तेही आमच्याच लॅबमधलं. गेज तपासून झालं होतं, पण डिलिव्हरीच्या आधी दसरा आला. बर्वेवहिनी, म्हणजे आमच्या साहेबांच्या मिसेस, दरवर्षी लॅबमधल्या उपकरणांना हळदकुंकू वाहतात. क्लायंटचीही सोडत नाहीत.

बर्वेसाहेबांना बोलावलं. ते माझ्या कानात म्हणाले, "धूळ आहे म्हण."

"साहेब, मग गेज साफ ठेवलं नाही म्हणून शाजीच घरी जाईल."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि हिंदीत खरं काय ते सांगून टाकलं. अबू माजिदनी भिंग घेऊन स्वतः बेअरिंग पाहिलं.

"मेरा गेज का पूजा किया? रायफल का नहीं किया?"

"रायफल हमारे पास नहीं थी," साहेब म्हणाले.

"अगले साल लाऊंगा, इन्शाल्ला."

बेअरिंग धुतलं, गेज फुकटात पुन्हा तपासून दिलं. शाजीची नोकरी वाचली. वहिनींना सांगितलं, कुंकू पेटीवर, तेही झाकण लावून.

मग मॅच झाली. अबू माजिद शेवटून दुसरे आले. फोनवर त्यांनीच सांगितलं की काडतुसं एकदम सरळ होती, शाजीची काही चूक नाही. मग ते वाऱ्यावर घसरले, मग रायफलवर. रायफल लॅबला पाठवू का, असंही विचारलं. मी नको म्हणालो. आमच्या धंद्यात हीच पंचाईत आहे. मोजत गेलं की एकेक निर्दोष सुटतो, आणि शेवटी उरतो तो क्लायंट.